मधली चाकं झिजलेली नाहीत, ती तशीच असतात

डोंबिवलीहून एका बाबांनी लिहिलं आहे:

“माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. सात वर्षांची असल्यापासून स्केटिंग क्लासला जाते, जिल्हा पातळीवर पदकंही मिळवली आहेत. पण गेल्या वर्षीपासून शर्यतीतून तिचं मन उडालं. आता तिला रॅम्पवर जायचंय, कठड्यांवरून, रेलिंगवरून घसरायचंय. याला अग्रेसिव्ह इनलाइन म्हणतात, एवढं मला तिच्याकडूनच कळलं. जर्मनीत असलेल्या माझ्या भाच्याने त्याचे जुने स्केट्स तिला दिले. बूट उत्तम आहेत, पण चाकांचं काही समजत नाही. पुढचं आणि मागचं चाक एका बाजूने खाल्लंय. मधली दोन तर झिजून पार लहान झालीत, जमिनीला टेकतही नाहीत, आणि दगडासारखी कडक झालीत. तिच्या जुन्या स्पीड स्केट्सची ९० मिमीची चाकं चांगली आहेत, ती याला बसतील का? दुकानदार म्हणतो, जितकं कडक चाक तितकं चांगलं, जास्त टिकतं. ती रोज सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळते, बाहेर सगळीकडे पेव्हर ब्लॉक. दर रविवारी मी तिला लोकलने बांद्र्याला कार्टर रोडच्या स्केटपार्कला नेतो. आठही चाकं बदलायची तर खर्च बराच आहे. काय घेऊ?”

नमस्कार,

पत्र वाचून पहिली गोष्ट ही लिहावीशी वाटली की ती मधली चाकं टाकून देऊ नका. ती झिजलेली नाहीत, बनवतानाच तेवढी बनवलेली आहेत. त्यांना अँटी-रॉकर म्हणतात. पट्टी लावून मोजा, व्यास साधारण ४० ते ४७ मिमी भरेल. नखाने दाबून पाहा, ओरखडासुद्धा उमटणार नाही. ती जमिनीवर चालण्यासाठी नसतातच. तुमची मुलगी उडी मारून कठड्यावर आडवी उतरते, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मधली जागा कठड्याच्या कडेवर बसते. बुटाखालच्या ज्या पट्टीत चाकं बसवलेली असतात त्या फ्रेममध्ये तिथे एक खाच असते, तिला एच-ब्लॉक म्हणतात. शेजारची चाकं मोठी आणि मऊ असतील तर ती कडेला चिकटतात, पाय जागच्या जागी थांबतो आणि अंग मात्र पुढे जातं. चाकं लहान, कडक असली तर घासली गेली तरी घसरून जातात. समजा बाहेरची चाकं ५८ ची आणि मधली ४४ ची आहेत, तर मधली जमिनीपासून ७ मिमी वर राहतात. तुम्हाला “टेकतही नाहीत” असं जे दिसलं ते हेच.

आता ९० मिमीच्या चाकांचं. ती बसणार नाहीत, आणि ओढूनताणून बसवायचा प्रयत्न करू नका. अग्रेसिव्ह फ्रेममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या अॅक्सलमधलं, म्हणजे चाक ज्याभोवती फिरतं त्या दांड्यांमधलं, अंतर ९० मिमीपेक्षा बरंच कमी असतं. तिथे ९० ची दोन चाकं एकमेकांवरच चढतील. पण त्या जुन्या चाकांतून एक गोष्ट तुम्हाला फुकट मिळेल, ती म्हणजे बेअरिंग. स्पीड स्केट असो, अग्रेसिव्ह असो की स्केटबोर्ड, बेअरिंग बहुतेक ठिकाणी एकाच मापाचं असतं: ६०८, म्हणजे आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. मुलगी शर्यतीत उतरत होती म्हणजे तिच्या जुन्या चाकांत चांगली बेअरिंग असणार. ती काढा, पुसा, नव्या चाकांत घाला. दोन बेअरिंगच्या मधली छोटी नळी, म्हणजे स्पेसर, मात्र नव्या फ्रेमच्या अॅक्सलशी जुळतो का ते पाहा. काही फ्रेमचा अॅक्सल ८ मिमीचा असतो, काहींचा ६, आणि स्पेसर दोन्हींचे वेगळे. स्पेसर चुकला की चाक डुलतं किंवा जाम होतं.

तुमच्या मुलीला नवे स्केट्स सुरुवातीला नक्की मंद वाटतील. सात वर्षं मोठ्या चाकांवर काढली की पायाला त्या धावेची सवय होते. आशियाई स्पर्धेत हांग्झौला २०२३ मध्ये भारताने ३००० मीटर रिलेत पुरुषांचं आणि महिलांचं अशी दोन कांस्यपदकं मिळवली. पुरुषांच्या चमूत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. आपल्याकडच्या स्केटिंग क्लासमधली मुलं डोळ्यांपुढे ठेवतात ते हे स्केटिंग, मोठ्या चाकांचं. १०० मीटर जायला ९० मिमीचं चाक साधारण साडेतीनशे वेळा फिरतं, ५८ चं चाक साडेपाचशे वेळा. तोच रस्ता, तीच मेहनत, तरी पाय दमतो. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाही.

मग इतकी लहान चाकं लोक लावतातच कशाला? बूट जमिनीच्या जवळ राहतो म्हणून. रॅम्पवरून उतरताना, उडी मारून खाली येताना पायाखाली जितकी कमी उंची तितका घोटा स्थिर. चाक लहान म्हणजे फ्रेमही बुटकी, आणि मधल्या खाचेला जागा राहते. शिवाय लहान चाक पटकन वेग घेतं, आणि रॅम्पवर दोन-तीन ढकल्यांतच सगळं साधायचं असतं.

त्याची किंमत खडबडीत जमिनीवर मोजावी लागते. तुम्ही ट्रॉली बॅग ओढत स्टेशनबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवरून गेला असाल. प्लॅटफॉर्मच्या गुळगुळीत लादीवर बॅग मागे मागे येते, ब्लॉक सुरू झाले की हातापासून खांद्यापर्यंत खडखडाट. तीच बॅग, तेच चाक. तुमच्या मुलीचं चाक त्या बॅगेच्या चाकाएवढंच आहे, फक्त वर सामानाऐवजी ती स्वतः उभी आहे. खडीचा एक बारीक तुकडा ९० च्या चाकाखाली आला तर चाक त्यावरून चढून जातं. ५६ च्या चाकापुढे आला तर चाक थांबतं. म्हणून बाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर तिने या स्केट्सवर फिरू नये असं मला कळकळीने वाटतं. सोसायटीच्या फाटकापासून पार्किंगपर्यंतसुद्धा बूट हातात घेऊन चप्पल घालून जाऊ दे. तिथे पडलेलं पोर बहुतेक वेळा तळहातावर पडतं, आणि मनगटाचं हाड भरून यायला कित्येक आठवडे लागतात.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. चाकाचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात आणि चाकावर व्यासाशेजारी तो छापलेला असतो: ५८/९० ए, असं. आकडा मोठा म्हणजे चाक कडक. स्पीडची चाकं साधारण ८४-८५ ए च्या आसपास असतात. अग्रेसिव्हची बहुतेक ८८ ते ९२, काही त्याहूनही वर. अँटी-रॉकर तर शंभरीच्या घरात. कडक चाक गुळगुळीत जमिनीवर कमी दबतं म्हणून पळतं, कठड्यावर चिकटत नाही, आणि हो, टिकतंही. पण जमीन खडबडीत असली की तो कडकपणा सगळा हादरा सरळ पायात पोचवतो, आणि धूळ असलेल्या लादीवर वळताना चाक सुटतं. रॅम्प शिकणाऱ्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत चाकाची पकड हवी असते. टिकाऊपणा नंतर बघता येईल. तिचं वजनही लक्षात घ्या. ९० किलोच्या माणसाखाली ८८ ए चं चाक दबून जड होतं, चौदा वर्षांच्या मुलीखाली ते तेवढं दबतच नाही. तिला फार कडक चाकाची गरज नाही.

कडकपणाबद्दल आणखी एक, आणि इथे मी फसलेली आहे. मी शिकत होते तेव्हा एका दुकानातून मी आठ चाकं आणली. चकचकीत, पारदर्शक निळी, दुकानदार म्हणाला एकदम हार्ड. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसलेल्या लादीवर पहिलं वळण घेतलं आणि दोन्ही पाय एकदम निघून गेले. ती चाकं पीव्हीसीची होती. चांगलं चाक युरेथेनचं असतं. दोन्ही कडक लागतात, आकडाही दोन्हींवर छापता येतो, पण युरेथेन दबून परत उसळतं आणि म्हणून जमीन धरतं. पीव्हीसी नुसतंच कडक. तेव्हापासून मी चाक हातात आलं की आधी शहाबादी फरशीवर कमरेएवढ्या उंचीवरून सोडते. युरेथेनचं चाक टणकन उसळी घेऊन वर येतं, हातात झेलावं लागतं. पीव्हीसीचं ठक्क करून पडतं आणि तिथेच लवंडतं. दुकानात ही परीक्षा करायला कोणी नाही म्हणालं तर तिथून घेऊ नका. आणि भाच्याच्या माळ्यावर आणखी जुनी, न वापरलेली चाकं सापडली तर तीही लगेच लावू नका. काही युरेथेन वर्षानुवर्षं दमट हवेत पडून राहिलं की आतून कमजोर होतं. दिसतं नव्यासारखं, आणि उडीनंतर त्याचा तुकडा निघतो.

आता काय घ्यायचं ते.

मधली अँटी-रॉकर ठेवून चालवायचं की चारही चाकं सारखी लावायची, हा खरा निर्णय आहे. सारख्या चाकांच्या मांडणीला फ्लॅट म्हणतात. माझा कल तुमच्या मुलीसाठी आत्ता फ्लॅटकडे आहे. कारण सांगते. ४५ किलोची मुलगी एका पायावर उभी राहिली तर फ्लॅटमध्ये एकेका चाकावर सव्वाअकरा किलो येतं. अँटी-रॉकरमध्ये तेच वजन दोनच चाकांवर, म्हणजे एकेकावर साडेबावीस. चाकं लवकर झिजतात, भेगेत अडकतात, आणि ज्या मुलीला आयुष्यभर चार चाकांवर वळायची सवय आहे तिला आपण दोन टोकांवर तोललेल्या फळीवर उभं केल्यासारखं होतं. तिची मोठी ताकद आहे धावणं आणि तोल. रॅम्पवर चढणं-उतरणं, माथ्यावर थांबणं, लहान उड्या, हे सगळं ती फ्लॅटवर लवकर शिकेल. कठड्यावर मागच्या बुटाच्या बाहेरच्या कडेवर घसरायचं असतं, ज्याला सोल ग्राइंड म्हणतात, तेही फ्लॅटवर जमतं, कारण त्यात मागच्या पायाचं काम बुटाच्या तळाच्या पट्टीचं, म्हणजे सोल प्लेटचं असतं. चाकांच्या मधल्या खाचेवर आडवं घसरायची वेळ येईल तेव्हा अँटी-रॉकर परत लावा, मग ती तिथे फार उपयोगी पडतील. अनेक चांगले स्केटर पहिल्या दिवसापासून अँटी-रॉकरवरच शिकतात, हेही खरं आहे. तुमची मुलगी म्हणाली की मला आधी कठडाच करायचाय, तर तिचं ऐका. पाय तिचे आहेत.

पण आधी फ्रेम पाहावी लागेल, कारण काही फ्रेम मुळात अँटी-रॉकरसाठीच बनवलेल्या असतात, त्यांच्या मधल्या जागेत मोठं चाक मावत नाही. हे घरी तपासता येतं. दोन्ही बुटांची पुढची-मागची मिळून चार जुनी चाकं एकाच फ्रेममध्ये लावा आणि तो बूट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवा. चारही चाकं फ्रेमला न घासता फिरली आणि ओट्याला जवळजवळ सारखी टेकली, तर फ्रेम फ्लॅट होते. चाकाच्या वर फ्रेममध्ये किती फट उरते तेही बघा, कारण नवं चाक जुन्यापेक्षा दोन-तीन मिमी मोठं असणार. निदान तेवढी मोकळी जागा हवीच. चाक फ्रेमला लागतं तेव्हा ते उतरतानाच लागतं, दाब सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी, आणि मग चाक ब्रेक लावल्यासारखं थांबतं.

फ्रेम फ्लॅट होत असेल तर चार-चार चाकांची दोन पाकिटं घ्या. ६० मिमी बसत असेल तर ६०, नाहीतर ५८. कडकपणा ८८ ए, फार तर ९०. अंडरकव्हर, ग्राउंड कंट्रोल, डेड या कंपन्या खास याच खेळाची चाकं बनवतात. यांपैकी जे मिळेल ते चालेल, चाकावर कोणत्या खेळाडूचं नाव आहे याने फरक पडत नाही. बाहेरून मागवणार असाल तर दोन्ही पाकिटं एकदमच मागवा. कुरिअर आणि कस्टमचा भुर्दंड दोनदा कशाला? पुढे ती अँटी-रॉकरवर गेली की आठातली चार चाकं सुट्टी होतील, तीच तिची पुढची जोडी. फ्रेम फ्लॅट होत नसेल तर एकच पाकीट पुरे, मधली आहेत तशी राहू द्या. दोन्ही बाबतींत तुमचं काही वाया जात नाही.

एक मोह मात्र टाळा. पैसे वाचवण्यासाठी मध्ये दोन नवी आणि टोकांना जुनी खाल्लेली, असं करू नका. नवं ५८ चं आणि जुनं झिजून ५५ झालेलं असेल तर मधली दोन दीड मिमी खाली येतात आणि बूट झुलत्या खुर्चीसारखा पुढे-मागे डोलतो. नाचणारे स्केटर मुद्दाम असं करतात, त्यांना जागच्या जागी गिरक्या घ्यायच्या असतात. उडीवरून उतरणाऱ्या मुलीला ते नको.

चाकाचा आकारही थोडा वेगळा लागेल. स्पीडचं चाक समोरून पाहिलं तर टोकदार असतं, जमिनीला जेमतेम एक रेघ टेकते. अग्रेसिव्हचं रुंद, सपाट. उतरताना त्याच रुंदीवर उभं राहायचं असतं. अगदी सपाट आणि किंचित गोल असे दोन्ही प्रकार मिळतात, पण तिच्या टप्प्यावर त्यात फार अडकायचं कारण नाही.

तुम्ही लिहिलंय की जुनी चाकं एका बाजूने खाल्ली आहेत. पाय आत झुकवून ढकलल्यामुळे ती नेहमी आतल्या कडेने झिजतात. म्हणून फ्लॅटमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं अशी अदलाबदल करा आणि चाक उलटं फिरवून लावा, म्हणजे झिजलेली कड बाहेर जाईल. हे काम तिला शिकवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मी एक पाहिलं आहे: ज्याला आपली चाकं काढता-घालता येतात, त्याला चाक सैल झालेलं पायातूनच कळतं. पाना हातात असू दे, अॅक्सल घट्ट झाल्यावर चाक बोटाने फिरवून बघू दे. ते मोकळं फिरलं पाहिजे आणि आडवं हलता कामा नये. मध्येच चाकातून खट-खट असा ठेका ऐकू आला तर हात फिरवून पाहा, आडवं घसरून थांबल्यामुळे एका जागी सपाट झालेलं असेल. तेवढ्यासाठी टाकू नका, चाकांची जागा बदलून चालवत राहिलं की बहुधा गोल होत जातं.

बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घालू नका. घराघरात हेच होतं, आणि मग थंडीत ते थिजलं की चाकं फिरत नाहीत. कोरड्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर खेळणं बंदच ठेवा. भिजलेल्या बेअरिंगला गंज धरतो, आणि ओल्या लादीवर कोणतंही चाक धरत नाही.

कठड्यावर घसरायला मुलं मेणबत्ती घासतात. सोसायटीच्या कठड्यावर ते करायचं तर समितीला आधी विचारा, आणि त्या जागी चालणाऱ्या आजी-आजोबांचा विचार करा. मेण कठड्याच्या कडेवर हवं, चाकाला लागलं तर पुसून टाकायचं.

पार्किंगला ट्रिमिक्स, म्हणजे सलग गुळगुळीत काँक्रीट, आहे की चेकर्ड लाद्या, ते तुम्ही कळवलेलं नाही. लाद्या असतील तर ६० मिमी, ८८ ए वर ठाम राहा, त्याहून कडक काही घेऊ नका. ट्रिमिक्स असेल तर ९० ए सुद्धा तिला आवडेल, आणि रविवारी स्केटपार्कमध्ये ते जास्त पळेल.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याला कडक कवचाचे पॅड, हे चाकांच्या आधी घ्या. स्पीडसाठी वापरलेले मऊ पॅड रॅम्पला चालत नाहीत. रॅम्पवर पडताना गुडघ्यांवर बसून घसरत खाली यायचं असतं, आणि ते कवचाशिवाय जमत नाही. पहिल्या दोन रविवारी तिला फक्त हे पडणंच शिकू द्या.

नवी चाकं आली की त्यांच्या अंगावर साच्यातून निघालेली एक तुळतुळीत चकाकी असते, ती जाईपर्यंत ती फार निसटतात. पहिल्या संध्याकाळी तासभर तिला पार्किंगमध्ये नुसत्या फेऱ्या मारू दे, मोठे आठ काढू दे, दोन्ही बाजूंना वळू दे. चकाकी जाऊन चाकं मळकट दिसायला लागली की मग बांद्र्याची लोकल पकडा.